हाली, कलदार आणि दौलततात्या

परवा सावेडीला माझ्या मुलाच्या बंगल्यात दोन प्राध्यापक तावातावानं वाद घालत बसले होते. वाद असा, की शेजारी शेजारी असलेल्या दोन देशांनी एकच नाणं चालवलं तर त्यांच्यातला व्यापार वाढतो की नाही. एक म्हणत होता, वाढतो. दुसरा म्हणत होता, वाढतो, पण ठरावीक लोकांचा. पाऊण तास बोलले, दोनदा चहा झाला, आणि मला कोणी काही विचारलं नाही. बरोबरच आहे, प्राथमिक शाळेतल्या पेन्शनर मास्तराला असल्या विषयातलं काय कळणार! पण मी हा सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिलेला आहे. व्यापार वाढतो, खरंच वाढतो. फक्त ते म्हणताना मला दौलततात्या आठवतात, आणि मग पुढचं वाक्य काही तोंडातून येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या, आमच्या भाषेत लढाईच्या, दिवसांतली गोष्ट. मी पंचविशीतला होतो. नगरला मिशनच्या शाळेत शिकून लोकल बोर्डात मास्तर म्हणून लागलो, आणि बदली झाली ती शेवगाव तालुक्यात, अगदी गंगेच्या काठावरच्या कुरणगावला. आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. अलीकडचा काठ इंग्रजांचा, पलीकडचा निजामाचा. पलीकडच्या मुलखाला सगळे मोगलाई म्हणत. इकडे चालायचा तो कलदार रुपया आणि तिकडे हाली. सात हालीला सहा कलदार असा साधारण सरकारी हिशेब होता. पण बाजार सरकारचं कधी ऐकतो!

कुरणगावचा बाजार मंगळवारचा. पलीकडून नावा भरून मिरची, सरकी, करडई यायची. नगरचे व्यापारी येऊन थांबलेले असायचे. ते माल घ्यायचे आणि कलदार द्यायचे. मोगलाईतली माणसं त्यातून मीठ, कापड, घोंगड्या, नांगराचे फाळ घ्यायची आणि उरलेल्या कलदाराची हाली करून घेऊन संध्याकाळच्या नावेनं परत जायची. ही हाली करून द्यायचं काम दौलततात्यांचं. त्यात दोन पैसे सुटत, त्याला बट्टा म्हणत, आणि तात्यांना सगळा तालुका बट्टेवाले म्हणून ओळखायचा.

नाव दौलत, पण त्यांच्या घरात चोर शिरला असता तर बिचारा काहीतरी ठेवून गेला असता. उंच, वाळलेला माणूस. डावा कान पार बहिरा. त्यामुळे मान नेहमी एका बाजूला कललेली, आणि उजवा कान तुमच्या तोंडाशी. कमरेला दोन बटवे, उजवीकडे हाली, डावीकडे कलदार. समोर नदीतून आणलेला एक काळा, गुळगुळीत दगड. रुपया आला की तो दगडावर टाकायचा, मान झुकवायची, आवाज ऐकायचा. खरा असला तर बटव्यात. खोटा असला तर डाव्या हातानं जमिनीवर फेकायचा आणि चारचौघांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "खोटा!" हा त्यांचा नेम होता. खोटा रुपया गुपचूप परत दिला तर तो माणूस दुसऱ्याच्या गळ्यात मारणार, म्हणून बाजाराला कळलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

कसलीही शंका काढा, तात्यांचं उत्तर ठरलेलं. "थांबा, दगडाला इचारू." पाऊस येईल का, पोरगं पास होईल का, हरवलेली शेळी सापडेल का. मग एक रुपया दगडावर टाकायचा, मान वाकडी करून ऐकायचं, आणि काय वाटेल तो जबाब द्यायचा. लढाईत कागदी रुपया निघाला तेव्हा एका म्हातारीनं ती नोट त्यांच्यापुढे धरली आणि खरी की खोटी ते वाजवून सांगा म्हणून हटून बसली. तात्यांनी नोट नीट दगडावर ठेवली, उजवा कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "निजलाय, आजी. पर हाय खरा." म्हातारी समाधानानं गेली.

बट्ट्याचा भाव ते स्वतः ठरवायचे, आणि त्यासाठी मंगळवारी दिवस उगवायला घाटावर जाऊन बसायचे. मी एकदा विचारलं, "तात्या, इथं बसून भाव कसा कळतो?"

"नाव पान्यात किती बुडाली हाय, त्ये बघायचं, मास्तर. नाव भरून आली म्हंजी माल खपनार, समद्यांच्या हातात कलदार येनार, आन सांजच्याला समद्यांना हाली पायजे. मग हाली चढती. नाव रिकामी आली की हाली उतरती. तुमच्या पुस्तकात हाय का ह्ये?"

पुस्तकात नव्हतं. मी पोरांना त्रैराशिक शिकवायचो, पण हिशेब म्हणजे काय ते मी त्या घाटावर शिकलो असं म्हणायला मला कमीपणा वाटत नाही.

तात्या माझे शेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरचं पाणी त्या गावात कोणी प्यायचं नाही. माझी बायको नवीन होती, तिला हे फार लागायचं. आम्ही राहायला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तात्या ओसरीवर आले, खाली बसले आणि म्हणाले, "सूनबाई, तांब्याभर पानी द्या बरं. लई तान लागली." मोठ्यानं म्हणाले, गल्लीला ऐकू जावं म्हणून. ती आत जाऊन रडली. त्या दिवसापासून आम्ही दोघं त्या माणसाचे झालो.

आणि हाच माणूस पोटच्या लेकीच्या घरी पाण्याचा थेंब घेत नव्हता. ती आपल्याकडची रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. त्यांची एकुलती एक लेक साखरा पलीकडच्या काठापासून चार कोसांवर दिलेली होती. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासरा खंडूजी मिरचीचा मोठा बागायतदार. मंगळवारी तो नाव भरून मिरची आणायचा आणि माल निवडायला, राखायला सुनेला बरोबर आणायचा. दुपारी माल खपला की साखरा तासभर बापाच्या दगडापाशी येऊन बसायची.

तो तास मी सहसा चुकवायचो नाही. बाजाराच्या दिवशी शाळेला दुपारची सुट्टी असायची. साखरा येऊन फडकं सोडायची. दोन भाकरी, खर्डा, कधी भोपळ्याची भाजी.

"कितीला देती, बाई?" तात्या अनोळखी गिऱ्हाइकासारखे विचारायचे.

"चवलीला जोडी. घ्याची तर घ्या, न्हाई तर फुडं व्हा."

"लई म्हाग. पलीकडची पैशाला देती."

"मग तिच्याकडंच जावा की. तिचा बाप असंल, देईल पैशाला!"

असा घोळ बराच वेळ चालायचा. आजूबाजूचे दुकानदार माना वळवून ऐकायचे. शेवटी तात्या उजव्या बटव्यातून दोन आण्यांची हाली चवली काढायचे. साखरा ती दगडावर टाकायची, बापासारखी मान वाकडी करून ऐकायची, "खरी दिसती," म्हणायची आणि पदराच्या गाठीला बांधायची. मग तात्या जेवायचे. एकेक घास असे खायचे की बघणाऱ्याला भूक लागावी.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "इकत घेतल्यालं अन्न हाय, मास्तर. त्येला रीत आड येत न्हाई. द्येवाला बी बोलायला जागा न्हाई."

"पण हाली का देता? कलदार दिलात तर जास्त होईल."

"तिला तिकडं मोडाया बट्टा पडंल ना. दुसरा बट्टेवाला माज्या लेकीचा बट्टा खाईल, त्ये कसं चालंल?"

पुढं जे झालं त्याचं मूळ तात्यांच्या त्या खोट्या रुपयाच्या नेमात आहे. लढाई संपत आली होती. एका मंगळवारी खंडूजीची मिरची चांगली गेली. तो रुपयांची थैली घेऊन ऐटीत दगडापाशी आला, मागं त्याच्या गावची पंधरा-वीस माणसं. व्याह्याच्या हातून आपली मोड व्हावी ही त्याला मोठेपणाची गोष्ट वाटायची. तात्या एकेक रुपया टाकत होते, ऐकत होते. मधेच एक रुपया बद्द वाजला. आणि तात्यांचा डावा हात उठला, रुपया जमिनीवर गेला, आणि तोंडातून निघालं, "खोटा!"

खंडूजीचा त्यात काही दोष नव्हता. नगरच्या कुठल्यातरी व्यापाऱ्यानं तो त्याच्या गळ्यात मारला होता. पण त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"इवाई, चार मान्सांत तुमी मला चोर म्हनलात."

तिथं तात्यांनी गप्प बसायचं. पण सवयच ती. "मी कुठं म्हनलं? दगड म्हनला," असं ते बोलून गेले, आणि सगळा घोळका हसला.

खंडूजी हसणं संपेपर्यंत उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "बरं हाय. तुमचा दगडच तुमचा सोयरा. माजी सून आता तुमच्या उंबऱ्याला लागायची न्हाई. ना दिवाळीला, ना पंचमीला." आणि उरलेले रुपये तसेच उचलून तो निघून गेला.

तात्या दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून गेले. खंडूजीच्या पायावर पागोटं ठेवलं. खंडूजीनं ते उचलून परत त्यांच्या हातात दिलं, एवढंच. मी तात्यांवर चिडलो. म्हटलं, "व्याही होता, तात्या. एक रुपया गुपचूप बाजूला ठेवला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"हात उठला तवा म्होरं इवाई न्हवताच, मास्तर," ते म्हणाले. "रुपयाच हुता." आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

साखराचं माहेर तुटलं. राहिला फक्त मंगळवार. खंडूजी कितीही रागावला तरी मिरचीला कलदार मोजणारा व्यापारी कुरणगावातच भेटायचा, आणि मिरची निवडायला हात लागायचेच. तो स्वतः तात्यांशी बोलायचा नाही, हाली दुसऱ्याकडून करून घ्यायचा. पण साखरा दुपारी उठून बापाकडे गेली तर तोंड फिरवून बसायचा. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. आठवड्यातला एक तास. तात्या त्या तासासाठी जगत होते, असं मी म्हणतो ते सजवून म्हणत नाही. बुधवारी ते निम्मे असायचे आणि सोमवारी संध्याकाळी त्यांच्या पायांना चाळा लागायचा.

स्वातंत्र्य आलं त्या दिवशी मी शाळेवर झेंडा लावला, पोरांना गूळ वाटला आणि जमलेल्या लोकांपुढे भाषण ठोकलं. भाषण संपल्यावर तात्या जवळ आले.

"मास्तर, आता पलीकडं बी ह्येच राज्य व्हनार?"

"आज ना उद्या होणारच."

"मंग नानं एक व्हनार?"

"होणार की. एका देशात दोन रुपये कसे चालतील?"

मला वाटलं, त्यांना पोटाची काळजी पडली असणार. म्हटलं, "तुमचा धंदा मात्र बसेल, तात्या."

"माज्या धंद्याचं काय घिऊन बसलात! दोन भाकरीचा मी मानूस." त्यांचे डोळे चमकत होते. "इचार करा, नानं एक झालं की बट्टा न्हाई. जकातीचा नाका न्हाई, झडती न्हाई. इवाई आज एक नाव आनतो, उद्या चार आनील. पोरगी मंगळवारी येईल, मधी बी येईल. आन इवायाला तरी माजा राग कशापायी? रुपयापायीच ना? त्यो रुपयाच गेला की राग बी जाईल." मग खिशातून रुपया काढून म्हणाले, "थांबा, दगडाला इचारू." दगड घरी होता, म्हणून त्यांनी तो शाळेच्या पायरीवर टाकला. "व्हय म्हनतोय!"

आणि मीही हो म्हणालो. मोठ्या रुबाबात सांगितलं, "अडथळे गेले की व्यापार वाढणार, व्यापार वाढला की आपला बाजार वाढणार. साधा हिशेब आहे." चार बुकं शिकलेला मास्तर बोलतोय म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली. आज इतक्या वर्षांनी मला त्या वाक्याची लाज वाटते.

झालं उलटंच. पलीकडचं राज्य लगेच काही गेलं नाही. काही महिन्यांत तिकडे कलदाराला बंदी झाली. कलदार जवळ सापडला की धरून नेत. मग नावा बांधल्या गेल्या, दोन्ही काठांवर पहारे बसले, आणि आमचा मंगळवार ओस पडला. तरी तात्या दगड घेऊन बाजारतळावर जाऊन बसायचे. समोर गिऱ्हाईक नाही, कुत्रं नाही.

चैत्रात नदी आटून अर्धी झाली. एका मंगळवारी दुपारी तात्या मला ओढतच घाटावर घेऊन गेले. पलीकडच्या काठावर एक बाई धुणं धूत होती. एवढ्या लांबून मला नुसतं लुगडं दिसत होतं.

"साखरा हाय," ते म्हणाले.

"चार कोसांवरून ती इथं धुणं धुवायला येईल का, तात्या?"

"तिची चाल वळकतो मी. बाजाराच्या येळंला आलीया, बघा ना."

मागं पहारेकरी फिरत होता. बाई तेच ते वस्त्र पुन्हा पुन्हा धूत होती. मग ती उभी राहिली, आणि तात्यांनी तोंडाभोवती हात धरून जिवाच्या आकांतानं हाक मारली, "साखरा! बरी हाइस का गं?"

तिनं हात वर केला. काहीतरी ओरडली, बराच वेळ ओरडत होती. वारा आमच्याकडून तिच्याकडे होता. पहारेकरी खेकसत आला तशी ती धुणं गोळा करून निघून गेली.

तात्या माझ्याकडे वळले, उजवा कान पुढं करून. "माजा कान मेला! काय म्हनली हो?"

मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण त्यांचं तोंड बघून मी म्हणालो, "बरी आहे म्हणाली. काळजी करू नका म्हणाली."

"येवढं बोलली?" ते म्हणाले, आणि परत येताना सगळ्या वाटेनं हसत होते.

पावसाळा सरता सरता फौजा पलीकडे गेल्या आणि थोड्याच दिवसांत मोगलाई संपली. कलदार तिकडे उघड चालू लागला. हाली पुढं काही वर्षं होती म्हणा, पण तिला कोणी विचारीना. जो तो कलदार मागायचा. नाव सुटणार म्हटल्यावर तात्यांनी पागोटं धुतलं, दगड घासला, माझ्या बायकोकडून धोतराला टाका घालून घेतला. पहिल्या मंगळवारी तीन नावा आल्या. दुसऱ्या मंगळवारी दोन. मिरचीची एकही नाही, खंडूजी नाही, साखरा नाही. चौथ्या मंगळवारी नावाड्यानं सांगितलं.

"तात्या, वाट बघू नगा. नगरचं व्यापारी आता वरच्या रस्त्यानं लॉऱ्या घिऊन थेट पलीकडं पैठनला येत्यात. मालाच्या ढिगापाशीच कलदार मोजत्यात. मंग नदी वलांडून हिकडं कोन कशाला येईल?"

इतकं सोपं होतं ते. नगरच्या व्यापाऱ्याला हाली हातात धरायची नव्हती, म्हणून तो नदीच्या अलीकडे थांबायचा. म्हणून बाजार कुरणगावात भरायचा. दुसरं कारणच नव्हतं. माझ्या त्रैराशिकात हे कुठंच आलं नाही.

तात्यांनी कमरेचे दोन्ही बटवे चाचपले. मग म्हणाले, "मंजी बट्टाच आनत हुता व्हय, पोरीला माज्याकडं."

आठ-पंधरा दिवस त्यांनी घरात काढले. खंडूजीला दोन निरोप धाडले, जबाब आला नाही. मग एके सकाळी ओसरीवर आले. चेहरा जरा उजळलेला. "मास्तर, पैठनला बी बाजारच भरतो की. तिथं बी मिरची निवडाया लागतीच. उद्या चला माज्यासंगं. तुमाला लिवाय-वाचाय येतं, गावात हरवायचो न्हाई."

मी रजा टाकली. नावेनं उतरून आम्ही चालत निघालो. वाटेत मधेच थांबून तात्यांनी विचारलं, "आता भाकरीला हाली द्यावी का कलदार?"

"आता दोन्ही चालतात, तात्या."

"मंग कलदारच देतो," ते म्हणाले. "तिला बी बरं वाटंल."

पैठणचा तो बाजार पाहून मी थक्क झालो. खोटं कशाला बोलू, एवढा व्यापार मी जन्मात पाहिला नव्हता. लॉऱ्या उभ्या, मिरचीचे डोंगर, जो तो शिंकतोय आणि जो तो खूष आहे. कुठं नाका नाही, बट्टा नाही. तात्या उजवा कान पुढं करून ढिगाढिगातून फिरत होते. खंडूजी दिसला. अंगावर नवा कोट. त्याच्या ढिगामागं, सोडलेल्या गाडीच्या सावलीत, पंधरा-सोळा वर्षांची एक पोरगी मिरची निवडत बसली होती. हात हिरव्या चुड्यानं भरलेले.

"रामराम, इवाई," तात्या म्हणाले. "साखरा कुटं हाय?"

खंडूजीनं वर पाहिलं नाही. "घरी हाय."

"आजारी हाय का?"

"न्हाई. ही येती आता बाजाराला." त्यानं पोरीकडे मान केली. "गेल्या फाल्गुनात रामाचं दुसरं लगीन केलं. सात वर्सं वाट बगितली आमी. आमाला बी वंस पायजे."

रामा म्हणजे जावई. तो लॉरीवर पोती चढवत होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि पाठ केली.

तात्या मान कलती ठेवून तसेच उभे होते. मला वाटलं, नीट ऐकू आलं नसावं. पण त्यांची बोटं हलत होती, एकेक महिना मोजत. फाल्गुन. चैत्र. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नदीच्या पलीकडून ती एवढा वेळ काय ओरडत होती, हे आम्हा दोघांना एकदमच कळलं.

"तात्या," मी म्हणालो, "मला त्या दिवशी काही ऐकू आलं नव्हतं."

त्यांनी नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवस कलला. खंडूजीनं बैल जुंपले. तात्या पुढं झाले, हात जोडले. "इवाई, मला येकडाव तिला बगू द्या. पानी मागनार न्हाई. उंबरा वलांडनार न्हाई. अंगनात हुबा राहून बगीन आन जाईन."

खंडूजी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. गाडीवर चढला आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. तात्यांनी गाडीच्या मागच्या फळकुटाला हात धरला आणि चालायला लागले.

मी वेशीपर्यंत मागोमाग चाललो, त्यापुढं गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे साखरापुढं उभं राहायची माझी छाती झाली नाही. आठवड्यात मला राहात्याच्या शाळेवर जायचा हुकूम आला. आम्ही सामान बांधून निघालो तोवर शेजारचं दार बंदच होतं. तात्यांना मी पाहिलं ते त्या पैठणच्या रस्त्यावर, तेवढंच शेवटचं.

ती नवी सून गाडीत मागं तोंड करून बसली होती. ती या म्हाताऱ्याकडे बघत होती. "मामंजी," ती म्हणाली, "म्हातारं चालतंय मागं." गाडी थांबली नाही. तिनं सरकून पोत्याशेजारी जागा केली आणि हातानं खूण केली. तात्यांनी नको म्हणून मान हलवली. गाव सुटल्यावर रस्ता उताराला लागला, बैलांना गोठ्याची ओढ लागली आणि गाडीनं वेग घेतला. फळकुटावरचा हात न सोडता साठीच्या पलीकडचा तो माणूस धावू लागला.